आवाज तुमचा, शब्द कुणाचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 27 वर्षांच्या वाचकाने लिहिलंय. घरी सहा एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि सोयाबीन. तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचं, छोटं दुकान. शाळेत असल्यापासून हा नकला करतो. निळू फुले, नाना पाटेकर, अमिताभ बच्चन, अशोक सराफ, मकरंद अनासपुरे असे चौदा आवाज त्याच्याकडे आहेत. गणपतीत, कोजागिरीला, लग्नाच्या आदल्या रात्री त्याला बोलावणं असतं. मागच्या कोजागिरीला त्याने भागातल्या एका नेत्याची नक्कल केली आणि ती गाजली. आता निवडणुका तोंडावर आहेत. त्या नेत्याच्या विरोधी गटाने त्याला दहा सभांसाठी विचारलंय, सभेमागे 3,000 रुपये. मजकूर तेच लिहून देणार. दिलेल्या नमुन्यात नेत्याच्या लंगडण्यावर दोन विनोद आहेत. शिवाय त्याच नेत्याच्या आवाजात एक ऑडिओ रेकॉर्ड करून हवाय, नाव कुठेही येणार नाही, त्याचे वेगळे 10,000. त्याने तो करून पाहिला, फोनमध्ये आहे, अजून पाठवलेला नाही. वडील म्हणतात, "बहुरूप्याचे धंदे सोड अन् दुकान पाय (पाहा)." मित्र म्हणतात, मुंबई गाठ. तो विचारतो, "ताई, मी तर फक्त आवाज काढतो, शब्द त्यांचे. मग माझा काय दोष? अन् नकला ही खरी कला आहे, की दुसऱ्याच्या जिवावर जगणं?"

भाऊ,

आधी त्या ऑडिओचं बोलू. बाकीचं आठ दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. तो पाठवू नका.

वडिलांचा 'बहुरूप्याचे धंदे' हा शब्द तुम्हाला लागला, हे पत्रात दिसतं. मला मात्र त्या शब्दानेच वाट दाखवली. माझ्या लहानपणी ज्वारी घरात आली की आमच्या दारी बहुरूपी यायचा. खाकी वर्दी, काखेत दंडुका, हातात घडी केलेला कागद. "वॉरंट आहे, चला ठाण्यात," असा दरडावत थेट ओसरीवर चढायचा. माझी आजी दर वर्षी त्याला ओळखायची आणि दर वर्षी क्षणभर दचकून पदर सावरायची. मग तो कागद उलगडून गुन्हा वाचायचा. सुनेला चुलीपुढून उठू न दिल्याचा, नातवाला लोण्याचा गोळा चोरून दिल्याचा. आई आतून खुदकन हसायची. आजी सुपात ज्वारी घेऊन यायची. आणि तो झोळी पुढे करण्याआधी टोपी काढून वाकायचा.

ते टोपी काढणं मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. सोंग इतकं बेमालूम, पण तो दारातून गेला तेव्हा घरात कुणी फसलेलं नसायचं. त्या एका गोष्टीमुळे त्याला दर वर्षी त्याच दारी ज्वारी मिळायची.

कोजागिरीला तुम्ही त्या नेत्याचा आवाज काढलात तेव्हा तुम्ही लोकांपुढे उभे होतात. तुमचा चेहरा, तुमचा सदरा, पाठीमागे दुधाची कढई. ही नक्कल आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ऑडिओत टोपी काढायला जागाच नाही. रात्री कुणीतरी जागलीला वावरात बसलेला असेल, गावाच्या ग्रुपवर ती क्लिप येईल, तो फोन कानाला लावेल आणि त्याच्यापुरता तो नेताच बोलत असेल. याला मी नक्कल म्हणणार नाही. कायदाही म्हणत नाही. फोन-संगणकाच्या आधाराने दुसऱ्याचं रूप घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये येते. 'नाव कुठेही येणार नाही' हे ज्यांनी सांगितलं, त्यांचं नाव येणार नाही. चौदा आवाजांचा माणूस तुमच्या तालुक्यात एकच आहे, आणि पोलिसांना तो शोधायला तासही लागणार नाही.

फोनमधली ती फाइल आजच काढून टाका, बॅकअपमध्ये गेली असेल तर तिथूनही. ज्या मेसेजमध्ये ती मागितलीय, तो मात्र जपून ठेवा.

आता सभांचं. इथे माझं उत्तर इतकं सरळ नाही, कारण तुमची गरज खरी आहे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो, आणि कोरडवाहू कास्तकाराच्या घरात ते फार जवळून कळतं. दहा सभांचे 30,000 म्हणजे बियाणं-खताची सोय. ते पैसे नाकारा असं इथे खुर्चीत बसून म्हणणं मला सोपं आहे, म्हणून जपून बोलते.

तुमच्या वाक्यातला 'फक्त' मला पटत नाही. मी फक्त आवाज काढतो, असं तुम्ही लिहिलंय. पण लोक कागद ऐकायला येत नाहीत. तोच मजकूर त्यांच्या कार्यकर्त्याने वाचला तर समोर चार टाळ्या पडतील. तुम्ही म्हणाल तेव्हा मंडप हसेल, कारण तुम्ही त्या नेत्याला वर्षानुवर्षं बघितलंय. तो माइक कसा धरतो, 'बंधू आणि भगिनींनो' म्हणताना कोणत्या शब्दावर श्वास घेतो, हे त्यांच्यापैकी कुणी टिपलेलं नाही. त्यांना तेच विकत हवंय. तेव्हा त्या सभेतला प्रत्येक शब्द तुमचा होणार, कुणीही लिहिलेला असो.

जॉनी लिव्हर यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात ते कामगार होते. कंपनीच्या कार्यक्रमात त्यांनी साहेब लोकांच्या नकला केल्या आणि कामगारांनीच त्यांना हे नाव दिलं, ते जन्माला पुरलं. त्या साहेबांना रोज बघणारा माणूस, त्याने स्वतः टिपलेल्या लकबी, आणि हसणारे त्याच कारखान्यातले. आता कल्पना करा, दुसऱ्या एखाद्या कंपनीने त्यांना पैसे देऊन सांगितलं असतं की या साहेबांची टर उडवा, मजकूर आम्ही देतो. आवाज तोच राहिला असता. पण कामगारांना ते आपलं वाटलं असतं का?

नेत्यांना हात लावू नका, असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या विदर्भाला हे कुणी शिकवायला नको. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघते, तिच्यासोबत बडगे, म्हणजे चालू विषयांवरचे पुतळे, निघतात आणि महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणाचीही गय होत नाही. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर रस्त्यावर असतं. आपलं लोकनाट्य, खडी गंमत घ्या. रात्रभर उभ्याने चालणारा खेळ, आणि त्यात गावातल्या बड्यांना चिमटा काढायची मुभा. हे सगळं लोकांच्या बाजूने केलेलं असतं, एका गटाकडून दुसऱ्या गटावर सोडलेलं नसतं. म्हणून ज्याच्यावर विनोद होतो तोही पुढच्या वर्षी बघायला येतो.

तर त्या मंडळींना भेटा. फोनवर नको, आणि चार कार्यकर्त्यांसमोरही नको. मुख्य माणसाला एकट्याला गाठा, म्हणजे त्यालाही मान राखून मागे येता येईल. सांगा, भाऊ, मी कलाकार आहे, सभेआधी पंधरा मिनिटं लोकांना हसवून बसवून ठेवीन, नाना, अमिताभ, निळूभाऊ सगळे करीन. शब्द माझे राहतील. नेत्यांची नक्कल करायची तर तुमच्याही साहेबांची करीन आणि त्यांचीही करीन. आणि कुणाच्या अंगावर जाणार नाही. ते हो म्हणाले तर 3,000 घ्या, निम्मे आधी घ्या, पेट्रोल वेगळं लावा, आणि दुसऱ्या बाजूने बोलावलं तर तिथेही याच अटींवर जा. नाही म्हणाले तर तुमच्या कलेची त्यांना गरज नव्हती, हत्याराची होती, एवढं कळेल. 'तुमच्याही साहेबांची करीन' या वाक्यावर समोरच्याचा चेहरा नीट बघा. उत्तर तिथेच मिळेल.

हिशेबही मांडून बघा. दुकानात येणाऱ्या मोटारी कुणाच्या असतात? दोन्ही गटांच्या. ऐन ओलिताच्या दिवसांत जळालेली मोटार घेऊन आलेला माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे तुम्ही आजवर विचारलं नसेल, आणि त्यानेही तुमचा पक्ष विचारला नसेल. दहा सभांनंतर तो विचारायला लागेल. सभा पंधरा दिवसांत संपतील. पुढची पाच वर्षं तुम्हाला त्याच तालुक्यात तांब्याची तार गुंडाळायची आहे. वडिलांनी कदाचित हेच ताडलं असेल. ते कलेच्या विरोधात आहेत असं तुम्ही धरून चाललात, पण तुमच्याच पत्रात आहे की कोजागिरीपर्यंत ते काही बोलले नव्हते. बोलले ते नेता मध्ये आल्यावर. त्यांना एकदा सरळ विचारा, भीती नकलांची वाटते का त्या माणसांची. आपल्याकडे बाप भीतीला भीती म्हणत नाही, 'दुकान पाय' म्हणतो.

लंगडण्यावरचे ते दोन विनोद मात्र कोणत्याही अटीवर नाही. याचं कारण माझ्या आयुष्यातलं आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एका स्नेहसंमेलनात मी एका सहकाऱ्याची नक्कल केली. ते शब्दाच्या सुरुवातीला अडखळायचे, मी ते हुबेहूब केलं. मुलं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. तेही हसले, टाळीही दिली. पण रोज प्रार्थनेनंतर मुलांना सूचना देण्याचं काम त्यांच्याकडे होतं, ते त्यांनी सोडलं. कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि मागे उभे राहायचे. मी घरी जाऊन माफी मागितली. "अहो, त्यात काय एवढं," म्हणाले, चहा पाजला. माइकपाशी मात्र ते परत कधी आले नाहीत. तेव्हापासून मी एवढं पाळते की माणूस जे स्वतः करतो त्याची नक्कल करावी, त्याच्या शरीराने त्याला जे दिलं त्याची करू नये. माइकवर बोट आपटण्याची सवय, आश्वासनांची उतरंड, दर वाक्यात 'मी स्वतः' म्हणण्याची खोड, हे सगळं त्याचं आहे, खुशाल घ्या. पाय सोडून द्या. आणि एक मनाशी धरा: तो माणूस पहिल्या रांगेत बसलाय आणि शेजारी त्याची लेक आहे. तरीही म्हणता येईल तेवढंच म्हणा. सिनेनट असो की सरपंच, हाच नेम.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नकला ही खरी कला आहे का. तुम्ही 'चौदा आवाज' असं लिहिलंत, दुकानदार नग मोजतो तसं. मला त्यातले चौदा नकोत, दोन नीट हवेत.

निळू फुल्यांचंच घ्या. गावोगावी जो-तो घोगरा आवाज काढतो, डोळा बारीक करतो, 'बाई' म्हणतो, आणि लोक हसतात. पण तेवढ्यात निळूभाऊ येत नाहीत. ते आवाज चढवायचे नाहीत, ही त्यांची खरी दहशत. समोरचा ओरडत असताना ते खाली येतात, हळू होतात, शब्दाचं शेपूट लांबवतात आणि मध्येच गप्प बसतात. मान वळायच्या आधी डोळे वळतात. तुम्ही आवाज आणलात आणि ती शांतता नाही आणली, तर फक्त घसा खरवडला. आणि हेही माहीत असू द्या की पडद्यावर बेरकी पाटील आणि सरपंच रंगवणारा हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, साधा राहणारा, सामाजिक कामाला जन्मभर वाहून घेतलेला होता. हे ज्याला ठाऊक असतं त्याच्या नकलेत आपसूक एक आदर उतरतो. लोकांना तो जाणवतो, सांगावा लागत नाही.

नुसता आवाज फार तर अर्धा मिनिट टिकतो. 'अरे, हुबेहूब!' म्हणून झालं की लोक पुढे काय ते बघतात. पुढे काही नसलं तर तुम्ही घाईने दुसरा आवाज काढता, मग तिसरा. तुमच्या चौदांचं गुपित मला वाटतं हेच आहे. त्यापेक्षा एका ओळखीच्या माणसाला ओळखीच्या अडचणीत टाका. नाना पाटेकरांना सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर न्या. रात्रभर गाडीवर झोपून नंबर लागलाय. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येतो, कापसात ओलाव्याचं मीटर खुपसतो. तिथे ओलावा 8 ते 12 टक्के चालतो हे तुमच्या गावात पोरासोरांना पाठ आहे. मीटर दाखवतं तेरा. नाना बघतात. "तेरा." थांबा. ग्रेडरकडे नाही, लोकांकडे बघा. पुन्हा, आवाज खाली आणून, "तेरा?" आणि मग एका दमात, "रात्री दव पडलं ते मी पाडलं का? सांगा ना, मी पाडलं?" इथे हशा नानांच्या आवाजावर येणार नाही. त्या मंडपातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या मीटरपुढे गप्प उभा राहिलाय, आणि आज त्याच्या वतीने नाना भांडताहेत. हे कुणी मुंबईत बसून लिहून देणार नाही. ते तुमच्याच वावरातलं आहे.

आणि नानांची नक्कल यवतमाळमध्ये करताना आणखी एक गोष्ट असते. 2015 साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे, तुमच्या यादीतले दोघंही, यांनी नाम फाउंडेशन काढलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत घेऊन ते मराठवाड्यात फिरले, आपल्याकडेही आले. तुमच्या मंडपात अशा घरातली एखादी बाई बसलेली असू शकते. तिच्यासाठी नाना पडद्यावरचे राहिलेले नाहीत. म्हणून नानांना नुसतं चिडकं, डोकं फिरलेलं दाखवू नका. चिडतात ते कशासाठी, तेही येऊ द्या.

मुंबईला जा की नको, यावर मी फार बोलणार नाही. दुकान बंद करून जाऊ नका, एवढंच. नाटकावर पोट चालवायला मुंबईच लागते हे मात्र खरं नाही. आपल्याच विदर्भात, पूर्वेकडे, झाडीपट्टी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांतून रात्र रात्र नाटकं होतात, तिकीट काढून लोक येतात. विनोदी नटाला तिथे मोठा मान आहे. या हिवाळ्यात चार रात्री जाऊन बघून तरी या. आणि वऱ्हाडी सोडायची का, असा प्रश्न कधी आलाच तर अमरावती जिल्ह्यातले विनोदी नट भारत गणेशपुरे यांच्याकडे बघा. त्यांनी टीव्हीवर वऱ्हाडी जशीच्या तशी नेली आणि सगळ्या महाराष्ट्राने ती ऐकली. गाडगेबाबांनी तर कीर्तनच वऱ्हाडीत केलं, समोरच्याला प्रश्न विचारत. गावातले, नात्यातले आवाज वऱ्हाडीत करत चला. तुमच्या चौदांत वऱ्हाडी बोलणारा तो नेता सोडला तर एकही नाही, हे मला खटकलं.

रील्स टाका, पण खाली स्वतःचं नाव आणि 'नक्कल' हा शब्द लिहा, आणि व्हिडिओत चेहरा दिसू द्या. तीच टोपी. भोंग्यावरच्या जाहिरातीचं बोलावणं येईल, कुणी कापड दुकानवाला म्हणेल, अमिताभच्या आवाजात सेल सांगा. ते घेऊ नका. अमिताभ बच्चन यांनी नाव, छबी आणि आवाज परवानगीशिवाय वापरण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून 2022 मध्ये मनाई मिळवलीय. गायक अरिजित सिंह यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये यंत्राने केलेल्या आवाजाच्या नकलांपासून संरक्षण दिलं. विडंबनाला आणि व्यंगाला न्यायालयं जागा देतात, 2010 च्या दलेर मेहंदी यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ते बोलूनही दाखवलं. माल विकायला दुसऱ्याचा आवाज वापरणं ही वेगळी गोष्ट झाली.

गळ्याला जपा. घोगरे आवाज सलग दहा मिनिटांच्या वर करू नका, मध्ये अशोक सराफ घ्या, गळा मोकळा होतो. कोमट पाणी जवळ ठेवा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खात असाल तर सोडा, हे मी आई म्हणून नाही, कलेसाठी सांगतेय. खर्ऱ्याने तोंड उघडेनासं झालं तर चौदाही आवाज आतच राहतील. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून या.

आणि एक काम. वडिलांची नक्कल तुम्ही कधी केलीय का? पत्रात त्यांचं 'दुकान पाय' तुम्ही जसं उतरवलंत, त्यावरून तो आवाज तुमच्या कानात पक्का बसलाय असं वाटतं. मंडपात नको. एखाद्या संध्याकाळी घरी, जेवणं झाल्यावर, आईसमोर आणि त्यांच्याच समोर करा. आई हसते का बघा. ते काय म्हणाले, ते मला कळवा, आणि कापूस केंद्रावरच्या नानांचं पुढचं पान लिहून झालं की तेही पाठवा. मी वाचीन.